हॉस्ट्स फाइलमधील ओळ तारखेसह लिहावी

मा. संपादक,
सादर नमस्कार.

विषय : संकेतस्थळाचे नाव न सापडण्याच्या अडचणीवर हॉस्ट्स फाइलचा उपाय आणि त्याच्या मर्यादा

महोदय,

पीकविमा, शिष्यवृत्ती किंवा प्रवेश परीक्षांचे अर्ज भरण्याची मुदत संपत आली, की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात आणि रांगेतील माणसांना दिवसातून कितीतरी वेळा ‘साईट बंद शे’ एवढेच उत्तर ऐकावे लागते. पुष्कळदा ते उत्तर खरे असते, कारण शेवटच्या दिवसांतील भार सर्व्हरला पेलत नाही. परंतु काही वेळा संकेतस्थळ व्यवस्थित चालू असते, दुसऱ्या तालुक्यात त्याच क्षणी त्यावर अर्ज दाखल होत असतात, आणि आपल्या केंद्रातील संगणकाला मात्र त्या संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधता येत नसतो. अमळनेर परिसरात संगणक दुरुस्तीचे आणि नेटवर्क जोडणीचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करीत आहे. या दुसऱ्या प्रकारच्या अडचणीवर प्रत्येक संगणकात आधीपासूनच असलेला एक उपाय आहे. तो ज्यांना माहीत असायला हवा अशा अनेकांना माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांतील बरेच जण तो वापरून मागे कोणतीही नोंद ठेवत नाहीत. या दोन्हींमुळे सामान्य माणसाचे नुकसान होते, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

ब्राउझरमध्ये आपण नाव लिहितो, पण इंटरनेटवरील यंत्रे एकमेकांपर्यंत पोहोचतात ती अंकी पत्त्यानेच, म्हणजे आयपी पत्त्यानेच. नावावरून पत्ता काढण्याचे काम डीएनएस ही व्यवस्था करते. आपला संगणक बहुधा राउटरला विचारतो, राउटर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरला विचारतो, आणि त्या सर्व्हरला उत्तर आधीपासून माहीत नसेल तर तो मूळ सर्व्हरपासून सुरुवात करून ‘डॉट इन’सारख्या शेवटच्या भागाची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरकडे आणि तेथून त्या विशिष्ट नावाच्या अधिकृत सर्व्हरकडे जातो. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याआधी घडते. या साखळीतील एखादी कडी निसटली, की मागचे संकेतस्थळ कितीही धडधाकट असले तरी आपल्या पडद्यावर ‘सर्व्हरचा आयपी पत्ता सापडला नाही’ अशा अर्थाची सूचना येते. मात्र ही विचारणा बाहेर पाठवण्याआधी संगणक स्वतःजवळची एक छोटी मजकुराची फाइल वाचतो. तिचे नाव ‘हॉस्ट्स’. विंडोजमध्ये ती सी ड्राइव्हवरील ‘विंडोज’, त्यातील ‘सिस्टिम३२’, त्यातील ‘ड्रायव्हर्स’ आणि त्यातील ‘ईटीसी’ या फोल्डरमध्ये असते. लिनक्स आणि मॅक संगणकांत ती थेट ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये मिळते. तिच्या प्रत्येक ओळीत आधी अंकी पत्ता, मग मोकळी जागा आणि मग नाव असते. नाव या फाइलमध्ये सापडले, तर नेहमीच्या मांडणीत संगणक बाहेर कोणालाही विचारत नाही.

या उपायाचे बळ आणि त्याचा धोका दोन्ही याच गुणात आहेत. रावेर किंवा सावद्याकडे केळी भरायला निघालेल्या ट्रकचालकाच्या खिशात व्यापाऱ्याने बागेचा ठावठिकाणा लिहिलेली चिठ्ठी असली, म्हणजे तो वाटेत कोणाला काही विचारत नाही; फाट्यावरची टपरी बंद असली तरी त्याचे अडत नाही, पण कापणी दुसऱ्या शिवारात सुरू झाली असेल तर तो त्याच जुन्या चिठ्ठीवर विसंबून रिकाम्या बागेपाशी जाऊन उभा राहतो. हॉस्ट्स फाइलमधील ओळीचे तसेच असते.

ही फाइल म्हणजे कोणा हुशार तंत्रज्ञाने शोधून काढलेली पळवाट नव्हे, हेही सांगायला हवे. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यात नावे शोधण्याची हीच अधिकृत पद्धत होती. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखालील केंद्र सर्व यंत्रांची एकच यादी सांभाळत असे, नवे यंत्र जोडायचे झाले की त्या केंद्राला कळवावे लागे, आणि जाळ्यातील इतर यंत्रे ती यादी वेळोवेळी उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ती यादी एका ठिकाणी अद्ययावत ठेवणे आणि सर्वांपर्यंत पोहोचवणे जड जाऊ लागले, म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची रचना मांडली आणि १९८७ मध्ये तिचे सुधारित मानक प्रसिद्ध झाले. यादीचे राज्य संपले, पण फाइल संगणकातून काढून टाकली गेली नाही. आजही विंडोजच्या नव्या आवृत्तीत ती आहे आणि तिचा मान सर्वांत आधीचा आहे. ज्या कारणासाठी ती पद्धत मागे पडली, म्हणजे पत्ते बदलत राहतात आणि प्रत्येकाच्या जवळची प्रत जुनी होत जाते, ते कारण मात्र आजही तितकेच खरे आहे.

उपायाकडे वळण्याआधी निदान नीट झाले पाहिजे, कारण माझ्या पाहण्यात बहुतेक घोळ येथेच होतो. कमांडच्या खिडकीत ‘पिंग’ लिहून पुढे संकेतस्थळाचे नाव द्यावे. नाव सापडलेच नाही अशा अर्थाचे उत्तर आले, तर दोष नावाच्या शोधात आहे. अंकी पत्ता दिसला आणि त्यानंतर प्रतिसाद आला नाही, तर नाव सापडलेले आहे आणि अडचण पुढची आहे. अनेक सर्व्हर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत, त्यामुळे पत्ता दिसणे हीच येथे महत्त्वाची गोष्ट मानावी. त्यानंतर तेच संकेतस्थळ मोबाइलवर वायफाय बंद करून, म्हणजे वेगळ्या जोडणीवरून, उघडून पाहावे. तेथे उघडले तर संकेतस्थळ बंद नाही, हे रांगेतील माणसाला खात्रीने सांगता येते. ‘एनएसलूकअप’ हा आदेशही पुष्कळ जण वापरतात, पण तो थेट डीएनएस सर्व्हरला विचारतो आणि हॉस्ट्स फाइल पाहतच नाही, हे ध्यानात न घेतल्यामुळे चांगले तंत्रज्ञही तासन्‌तास अडकून पडलेले मी पाहिले आहेत. फाइलमधील चुकीच्या ओळीमुळे पिंग एक पत्ता दाखवते आणि एनएसलूकअप दुसराच, आणि दोन्ही आदेश आपापल्या जागी बरोबर असतात. असा फरक दिसला, की आधी हॉस्ट्स फाइल उघडावी.

दोष नावाच्या शोधात आहे असे ठरले, तरी पहिला उपाय हॉस्ट्स फाइलचा नसावा. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ या आदेशाला ‘फ्लशडीएनएस’ हा पर्याय जोडून साठवलेली जुनी उत्तरे पुसावीत, राउटर एकदा बंद करून सुरू करावा, आणि तरीही उपयोग झाला नाही तर संगणकाच्या किंवा राउटरच्या मांडणीत डीएनएस सर्व्हर बदलून पाहावा. गुगलने २००९ पासून ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरने २०१८ पासून १.१.१.१ या पत्त्यांवर सर्वांसाठी खुले डीएनएस सर्व्हर उपलब्ध केले आहेत. पुरवठादाराच्या डीएनएस सर्व्हरमध्ये बिघाड असेल तर एवढ्यानेच काम भागते, सर्व नावांसाठी भागते, आणि पत्ते बदलले तरी पुन्हा हात लावावा लागत नाही. जे एका बदलाने होते त्यासाठी फाइलमध्ये एकेक ओळ लिहीत बसणे चुकीचे आहे.

मग हॉस्ट्स फाइल केव्हा लागते? माझ्या अनुभवात तिची सर्वांत मोठी गरज इंटरनेटवर नव्हे, तर आपल्याच इमारतीच्या आत असते. खान्देशातील पतसंस्था, जिनिंग प्रेसिंगच्या गिरण्या, शेतकी संघांची दुकाने, शाळा-महाविद्यालयांची कार्यालये यांत एका संगणकावर हिशेबाची किंवा प्रवेशाची सारी माहिती असते आणि इतर संगणक त्याला नावाने जोडलेले असतात. एवढ्या लहान जागेत स्वतंत्र डीएनएस सर्व्हर कोणी बसवत नाही. विंडोज त्या नावाची विचारणा कार्यालयाच्या जाळ्यावर प्रसारित करते आणि त्या नावाचा संगणक उत्तर देतो. विंडोज अद्ययावत झाल्यावर, फायरवॉल या संरक्षक प्रोग्रामची मांडणी बदलल्यावर किंवा नुसता राउटर बदलल्यावरही हे उत्तर मिळेनासे होते. मग सोमवारी सकाळी भरणा करायला आलेले सभासद काउंटरसमोर ताटकळतात आणि मुख्य संगणक बंद पडला आहे अशी समजूत होते. तो बंद पडलेला नसतो, फक्त नावाने सापडत नसतो. अशा ठिकाणी प्रत्येक संगणकाच्या हॉस्ट्स फाइलमध्ये १९२.१६८.१.५० यांसारखा मुख्य संगणकाचा आतला पत्ता आणि त्यापुढे त्याचे नाव अशी एक ओळ लिहिली, तर प्रसारित विचारणेवर अवलंबून राहावे लागत नाही आणि ही अडचण वर्षानुवर्षे पुन्हा येत नाही.

त्याला एक अट आहे, आणि ती पाळली गेली नाही तर उपायच आजार होतो. मुख्य संगणकाचा पत्ता कायम असला पाहिजे. सामान्य मांडणीत राउटर प्रत्येक संगणकाला तात्पुरता पत्ता वाटतो. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज किती वेळा जाते हे सांगायला नको, आणि स्वस्तातले कित्येक राउटर वीज आल्यावर कोणाला कोणता पत्ता दिला होता हे विसरून नव्याने वाटप सुरू करतात. त्या वाटपात ५० हा क्रमांक उद्या एखाद्या कारकुनाच्या मोबाइलला मिळाला, तर सर्व संगणक हिशेब मागायला त्या मोबाइलकडे जातील. म्हणून राउटरमध्ये मुख्य संगणकासाठी तो पत्ता राखून ठेवावा, किंवा वाटपाच्या टप्प्याबाहेरचा पत्ता त्या संगणकावरच कायम करावा, आणि त्यानंतरच ओळ लिहावी. हा क्रम उलटा केलेला मी इतक्या कार्यालयांत पाहिला आहे, की पत्रातील एवढी एक गोष्ट जरी कोणी मनावर घेतली तरी मला समाधान वाटेल.

याच जातीची दुसरी अडचण मोठ्या संस्थांत येते. संस्थेचे संकेतस्थळ तिच्याच इमारतीतील सर्व्हरवर असते, जगाला ते उघडते आणि आतल्या माणसांनाच उघडत नाही, कारण नावावरून मिळणारा बाहेरचा पत्ता आतून मागितला असता काही राउटर तो परत आत वळवत नाहीत. तेथे आतल्या संगणकांवर नावापुढे आतला पत्ता देणारी ओळ लिहिल्याने मार्ग निघतो. तिसरा उपयोग संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवणाऱ्यांचा आहे. सर्वांसाठी पत्ता बदलण्याआधी फक्त स्वतःच्या संगणकावर नव्या पत्त्याची ओळ लिहून सर्व पाने, अर्ज आणि शुल्काचा भरणा तपासता येतो. नुसता अंकी पत्ता ब्राउझरमध्ये टाकून हे साधत नाही, कारण आज एकाच पत्त्यावर अनेक संकेतस्थळे असतात आणि कोणते उघडायचे हे सर्व्हर नावावरूनच ओळखतो. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या हंगामात संकेतस्थळ हलवण्याआधी ही चाचणी केली असती, तर विद्यार्थ्यांचे किती हेलपाटे वाचले असते.

सार्वजनिक संकेतस्थळांसाठी हा उपाय आणीबाणीचाच आहे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील डाइन या डीएनएस सेवा देणाऱ्या कंपनीवर मिराई या घातक प्रोग्रामने ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्यातून हल्ला झाला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससह अनेक मोठी संकेतस्थळे कित्येकांना उघडेनाशी झाली. ती स्वतः चालू होती, त्यांचे पत्ते सांगणारे सर्व्हर कोलमडले होते. अशा वेळी ज्याच्याजवळ खरा पत्ता लिहिलेला आहे तो आत जाऊ शकतो. याउलट ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हाही पडद्यावर नाव न सापडल्याचीच सूचना होती, पण मुळात त्या कंपनीच्या जाळ्याकडे जाणारे मार्गच इंटरनेटवरून नाहीसे झाले होते. पत्ता तोंडपाठ असूनही तेथे पोहोचता आले नसते. सूचना एकच, कारणे दोन. म्हणूनच निदानावर मी इतका भर दिला.

आणीबाणीतही ओळ लिहिण्याआधी पत्ता विश्वासाच्या ठिकाणाहून घ्यावा, म्हणजे वेगळ्या जोडणीवरून स्वतः शोधलेला किंवा त्या संस्थेच्या तांत्रिक विभागाने दिलेला. कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला पत्ता फाइलमध्ये कधीही घालू नये. नोटपॅड ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ या पर्यायाने उघडावे, नाहीतर फाइल जतन होत नाही. फाइलच्या नावाला शेपटी नसल्यामुळे ती उघडताना ‘ऑल फाइल्स’ निवडावे लागते, आणि जतन करताना नावामागे ‘डॉट टीएक्सटी’ लागले तर संगणक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ‘ओळ लिहिली पण काही झाले नाही’ या तक्रारीचे हे नेहमीचे कारण आहे. या पत्रात अंक देवनागरीत असले, तरी फाइलमध्ये ते इंग्रजीतच लिहावे लागतात. ‘डॉट भारत’ने संपणारी देवनागरी नावेही तेथे तशीच लिहून चालत नाहीत, त्यांचे रोमन अक्षरांतील सांकेतिक रूप द्यावे लागते. एका ओळीने सर्व उपनावे व्यापली जात नाहीत, ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेले आणि नसलेले नाव ही दोन नावे धरली जातात. सरकारी अर्जांच्या बाबतीत तर मुख्य पान एका नावावर, कागदपत्रे दुसऱ्या नावावर आणि शुल्काचा भरणा तिसऱ्याच नावावर असू शकतो. एका ओळीने मुखपृष्ठ उघडते, केंद्रचालक सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि अर्ज शेवटच्या टप्प्यावर अडतो. मोबाइलवर मात्र ही फाइल सर्वसाधारण वापरकर्त्याला बदलताच येत नाही, तेव्हा तेथे हा मार्ग धरू नये.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. गर्दीच्या दिवशी बोलावलेला तंत्रज्ञ ओळ लिहितो, अर्ज भरला जातो, पैसे घेऊन तो निघून जातो आणि केंद्रचालकाला आपल्या संगणकात काय बदलले आहे याची कल्पना नसते. काही महिन्यांनी त्या संकेतस्थळाचा सर्व्हर बदलतो. साऱ्या महाराष्ट्राला ते उघडते आणि त्या एका संगणकाला उघडत नाही, कारण तो अजून फाइलमधल्या जुन्या पत्त्यावरच जात असतो. डीएनएस बदलून उपयोग होत नाही, राउटर बदलून होत नाही, पुरवठादाराकडे तक्रार करूनही होत नाही. शेवटी संगणक पूर्ण पुसून विंडोज नव्याने भरले जाते आणि त्यात केंद्राच्या जुन्या नोंदी जातात. मोठ्या संकेतस्थळांचे पत्ते तर ठिकाणानुसार वेगळे असतात आणि वरचेवर बदलतात, तेव्हा त्यांच्यासाठी लिहिलेली ओळ काही दिवसांतही शिळी होऊ शकते.

या फाइलमध्ये ‘हॅश’ (#) चिन्हानंतरचा मजकूर संगणक वाचत नाही. ती सोय टिपणासाठीच आहे. तेव्हा प्रत्येक ओळीच्या वर हॅश चिन्ह देऊन तारीख, लिहिणाऱ्याचे नाव, कारण आणि ओळ कधी काढायची हे लिहिणे हा या कामाचा भाग समजला पाहिजे. वायरमनने मीटरच्या पेटीत जोडणी बदलली आणि घरमालकाला सांगितले नाही, तर आपण त्याला जाब विचारतो. संगणकाच्या बाबतीतही ग्राहकाने तसा जाब विचारावा. बदल करण्याआधी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवणे आणि अडचण संपल्यावर ओळीच्या आरंभी हॅश लावून ती निष्प्रभ करणे, यांस मिळून चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही.

या फाइलचा दुरुपयोगही होतो आणि त्याविषयी मौन बाळगणे योग्य होणार नाही. संगणकात शिरलेला घातक प्रोग्राम बँकेच्या नावापुढे ठगाच्या सर्व्हरचा पत्ता लिहून ठेवू शकतो, किंवा अँटिव्हायरसच्या संकेतस्थळाच्या नावापुढे १२७.०.०.१ हा संगणकाचा स्वतःचाच पत्ता लिहून ते अद्ययावत होणे थांबवू शकतो. लग्नपत्रिका आणि फलक छापणाऱ्या काही दुकानांत विनापरवाना सॉफ्टवेअर चालवण्यासाठी याच तऱ्हेच्या ओळी भरलेल्या आढळतात, आणि त्या भरणारा माणूस आणखी काय भरून गेला हे दुकानदाराला ठाऊक नसते. विंडोजचा स्वतःचा सुरक्षा प्रोग्रामही काही संशयास्पद बदल दिसले तर इशारा देतो. तो इशारा वाचल्याशिवाय बंद करू नये. बँकेचे किंवा सरकारी खात्याचे पान उघडताना ब्राउझरने संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र जुळत नसल्याचे सांगितले, तर ‘तरीही पुढे जा’ हा पर्याय कधीही निवडू नये, कारण बदललेल्या पत्त्याची फसवणूक बहुधा त्याच ठिकाणी पकडली जाते. पैसे गेलेच असतील तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

हा विषय वृत्तपत्रातून मांडण्याचे कारण एवढेच, की त्याची किंमत तंत्रज्ञ मोजत नाही. धडगाव किंवा अक्कलकुव्यातील पाड्यावरचा माणूस सातपुड्याचा घाट उतरून केंद्रापर्यंत येतो, त्या दिवसाची मजुरी बुडवतो, गाडीभाडे देतो, आणि ‘साईट बंद’ या उत्तरावर परत जातो. तेथे दुसरी जोडणीही सहजी उपलब्ध नसते, मोबाइलची रेंज टेकडीगणिक बदलते, त्यामुळे शहरात चालणारे पर्याय तेथे चालत नाहीत. अशा केंद्रचालकाला निदानाचे दोन आदेश, डीएनएस बदलण्याची रीत आणि हॉस्ट्स फाइलचा तारखेसह वापर एवढे शिकवायला एक दुपार पुरते. तिन्ही जिल्हा प्रशासनांनी केंद्रचालकांच्या प्रशिक्षणात ही दुपार द्यावी, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतनांनी विद्यार्थ्यांकडून हे प्रत्यक्ष करून घ्यावे, आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांच्या संगणक विभागांनी आपापल्या तालुक्यातील केंद्रांसाठी असे वर्ग घ्यावेत, अशी माझी विनंती आहे.

संकेतस्थळे चालवणाऱ्या खात्यांकडे आणि संस्थांकडेही एक मागणे आहे. प्रत्येक डीएनएस नोंदीसोबत ती किती सेकंद साठवून ठेवावी याची मुदत दिलेली असते, आणि ती पुष्कळदा ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस असते. सर्व्हर बदलण्याच्या दोन-तीन दिवस आधी ती मुदत ३०० सेकंदांवर आणावी, बदल अर्जांची मुदत संपण्याच्या आठवड्यात करू नये, जुना सर्व्हर त्यानंतरही काही दिवस चालू ठेवून त्यावर आलेल्यांना नव्या जागी वळवावे, आणि बदलाची तारीख आधी जाहीर करावी, म्हणजे ज्यांच्या फाइलमध्ये जुनी ओळ आहे त्यांना ती काढता येईल.

अमळनेर, पारोळा आणि चोपडा तालुक्यांतील जे सेवा केंद्रचालक किंवा पतसंस्था आपल्या संगणकांतील हॉस्ट्स फाइल तपासून घेऊ इच्छितात, त्यांना ती मी विनामूल्य तपासून देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. विचारणा करणाऱ्यांना तो कळवण्यास माझी संमती आहे.

आपला विश्वासू,
एक संगणक व नेटवर्क दुरुस्ती व्यावसायिक
अमळनेर, जि. जळगाव